‘व्याकरणाचा तास बंद करा’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली नाव कोणाचंच नाही. सार असं: ‘बाळ व्याकरण न शिकता बोलायला लागतं, मग इंग्रजीलाच व्याकरण कशाला? परदेशातल्या संशोधनानं सिद्ध झालंय की त्यानं काही सुधारत नाही. आपण दहा वर्षं व्याकरण घोकलं, बोलता आलं का? वर्गात मराठी बंद करा, चुका काढणं बंद करा आणि जूनपासून व्याकरणाचा तासच रद्द करायची मागणी शाळेकडे करा.’

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हा मेसेज मला पालकांनीच पाठवला, ‘मॅडम, खरंय का हो?’ असं विचारत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘बाळ व्याकरण शिकतं का?’

आधी तासांचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. रोज चाळीस मिनिटांचा इंग्रजीचा एक तास धरला, तर वर्षाचे साधारण १३३ तास होतात. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, बदली तास वजा करा. घरातलं तान्हं बाळ तेवढे तास साधारण दोन आठवड्यांत जागं असतं, आणि त्याच्या आजूबाजूला सगळे मराठीच बोलत असतात. आपल्या मुलांना इंग्रजी वर्गाबाहेर भेटतं ते पाट्यांवर. पंचवटीत किंवा सातपूरला भाजी घेताना कोणी इंग्रजी बोलत नाही.

शिवाय बाळ नियम शिकत नाही, हेही खरं नाही. ‘मी करलं’ म्हणणारं पोर प्रत्येक घरात असतं. त्याला हे कोणी शिकवलं? ‘धरलं, भरलं’ ऐकून त्यानं स्वतःच नियम बसवला. पुढे हजारो वेळा ‘केलं’ कानावर पडतं आणि ‘करलं’ गळून जातं. वर्गातल्या मुलाला ते हजारो वेळा मिळत नाहीत, म्हणून कोणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं.

नुसत्या ऐकण्यावर भिस्त ठेवून काय होतं, हे कॅनडात दिसलं आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेतले विषयच फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि तो प्रयोग पुढे देशभर पसरला. अशा वर्गांतल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं. पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या भाषा-संशोधिकेनं १९८५ मध्ये त्यावरच बोट ठेवलं: ऐकणं हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे तर ऐकणंही तेवढं नाही.

‘संशोधनानं सिद्ध झालंय’

मेसेजमधला हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो अर्धा खरा आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठानं २००४ साली जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि म्हटलं, की वाक्यरचनेचं व्याकरण शिकवल्यानं ५ ते १६ वयाच्या मुलांचं लेखन सुधारतं असा ठोस पुरावा नाही. पण कोणत्या मुलांचं? ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचं! यॉर्कच्या आठ वर्षांच्या मुलाला ‘ही गोज’ शिकवावं लागत नाही, ते त्याच्या तोंडी आधीच बसलेलं असतं. आपल्या आठवीतल्या मुलाची अडचण नेमकी तिथेच आहे.

दुसरी भाषा शिकणाऱ्यांबद्दलचं संशोधन वेगळं आहे. जॉन नॉरिस आणि लुर्देस ऑर्तेगा या भाषा-संशोधकांनी २००० साली ४९ अभ्यास एकत्र तपासले. नियम उघडपणे शिकवलेल्यांची प्रगती जास्त निघाली. मात्र त्यातल्या बऱ्याच अभ्यासांची मोजणी परीक्षेसारख्या प्रश्नांवर झाली होती. गप्पा मारताना तेवढाच फरक दिसेल असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण ‘काही सुधारत नाही’ हे त्यातून मुळीच निघत नाही.

‘दहा वर्षं घोकलं, बोलता आलं का?’

नाही आलं. मुद्दा बिनतोड आहे, फक्त दोष भलत्याच्या माथी मारलाय. (आणि दहा वर्षं कोणाची? राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे मराठी माध्यमातल्या बऱ्याच पालकांची दहावीपर्यंतची सहाच वर्षं भरतात.)

त्या वर्षांत आपण काय केलं ते आठवा. ‘डू ॲज डायरेक्टेड’. चेंज द व्हॉइस, रिमूव्ह ‘टू’, इनडायरेक्ट करा. दुसऱ्याची वाक्यं उलटीपालटी केली, स्वतःचं एकही तयार केलं नाही. साठ मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटं वाटली तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही, आणि तेही बहुतेक वेळा शिक्षकच बोलण्यात घालवतात. याला व्याकरण जबाबदार कसं?

तेच व्याकरण मुलांना बोलतं करून कसं शिकवता येतं ते बघा. पंचवटी एक्स्प्रेसचं वेळापत्रक घ्या. एका मुलाकडे वेळा, दुसऱ्याकडे फक्त प्रश्न. ‘व्हेन डज इट लीव्ह नाशिक रोड?’, ‘डज इट स्टॉप ॲट इगतपुरी?’ मुलं पहिल्यांदा हमखास ‘व्हेन इट लीव्ह्ज?’ म्हणतात. तिथे थांबायचं, ‘डज’ आल्यावर क्रियापदाचा ‘एस’ कुठे गेला ते विचारायचं, तीन मिनिटांत नियम सांगायचा आणि पुन्हा जोडीनं बोलायला लावायचं. वेळापत्रक, नकाशे यांवरून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत केला होता. ते नियम सांगणं टाळत. मी सांगते, कारण तीन मिनिटांनी मुलांची तीन महिन्यांची चाचपड वाचते.

‘वर्गात मराठी नको’

‘मला दोन भाऊ आहेत’ याचं इंग्रजी करताना मूल ‘टु मी’पासून सुरुवात करतं. मराठी वाक्य शेजारी लिहून दाखवलं की गाठ लगेच सुटते. मराठीत इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद नाही, क्रियापद शेवटी येतं, शब्दयोगी अव्यय नामानंतर लागतं. चुका इथूनच उगवतात, त्या मराठीतच समजावणं सोपं. पूर्ण तास मराठीत घेणं हा वेगळा रोग, त्याची बाजू मी घेत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला आपला जिल्हाही नीट ठाऊक नसावा. सुरगाणा, पेठ भागात घरात कोकणा बोलली जाते, सटाणा-कळवणकडे अहिराणी. तिथल्या कित्येक मुलांना पुस्तकी मराठीच आधी शिकावी लागते. त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून इंग्रजीशिवाय काहीच नाही म्हटलं, तर मुलं गप्प बसतील. गप्प मुलांना शिस्तीची समजण्याची आपल्याकडे पद्धतच आहे.

‘चुका काढू नका’

बोलता बोलता मधेच तोडू नका, इथवर मान्य. पण नुसतं बरोबर वाक्य परत म्हणून दाखवलं की मूल सुधारतं, हाही भ्रम. कॅनडातल्या तशाच फ्रेंच वर्गांमध्ये लिस्टर आणि रांता या संशोधकांनी १९९७ मध्ये पाहिलं, की शिक्षक हाच उपाय सर्वाधिक वापरतात आणि मुलं त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. ‘पुन्हा म्हण बरं’ एवढं विचारलं तर मूल बऱ्याचदा स्वतःच दुरुस्त करतं. आठवड्याला एकच चूक धरावी, बाकीच्या सोडाव्यात.

राहिली जूनमधली मागणी. शाळेत जाच, पण तास रद्द करायला नको. मुलाची इंग्रजीची वही मागा आणि त्यात त्यानं स्वतः रचलेली किती वाक्यं आहेत ते मोजा. फळ्यावरून उतरवलेली धरू नका. वही ‘चेंज द व्हॉइस’नंच भरलेली निघाली, तर बाईंना किंवा सरांना विचारा, की आठवड्यातून एक तास मुलं जोडीनं बोलतील आणि पाच ओळी स्वतःच्या लिहितील, असं करता येईल का.