एका चाकाची पिकअप

आमच्या पिकअपला चाकं चार आहेत, पण चिखलात गेली की कामाला एकच उरतं. तेही नको ते. मागचं डावं चाक जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगरत राहतं, आणि उजवं कोरड्या ढेकळावर हात मागं बांधून उभं असतं, पाहणी दौऱ्यावर आलेल्या पुढाऱ्यासारखं.

शेत कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या बाजूला आहे. गावाच्या नावातच स्पष्ट सूचना आहे, पण गाडी घेताना ती मनावर घेतली नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून तिथं पंचगंगा होते म्हणतात. चार दिसतात. पाचवी कुठं आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या पाणंदीत.

दिवाळीच्या तोंडाला गुऱ्हाळं पेटली आणि नेमका परतीचा पाऊस आला. सकाळची गुळाची खेप मार्केट यार्डात व्यवस्थित पोचली. दुपारी दुसरी खेप आणायला रिकामी गाडी पाणंदीत घातली आणि बसली की हो मटकन! भरलेली गाडी गेली आणि रिकामी अडकली, हे घरी सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण पिकअपचं असंच असतं. इंजिनाचा भार पुढं, ओढणारी चाकं मागं. मागं माल नसला की ती चाकं जमिनीला नुसती शिवल्यासारखी करतात.

तालमीतली दोन पोरं रस्त्यानं चालली होती. त्यांना म्हटलं, जरा हौद्यात बसा, मागं वजन होईल. थोरला म्हणाला, "काका, हौद्यात उतरायचं म्हंजे लंगोट लावाय लागतोय." बसली बिचारी. मी ॲक्सिलेटर दिला. चाकानं मागं उभ्या असलेल्या आमच्या मेहुण्यांचा पांढरा शर्ट काळा केला आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

माझं दुखणं वेगळंच आहे. गाडी का अडकते, याची खडान्‌खडा माहिती मला आहे. गेल्या वर्षी उद्यमनगरात मेस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा आख जॅकवर उचलला, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडला आणि मला म्हणाले, "हे चाक फिरवा हातानं." मी डावं चाक पुढं फिरवलं. पलीकडचं उजवं चाक मागं फिरलं. मी मागं फिरवलं, ते पुढं. आमच्या घरातला संवाद कुणीतरी लोखंडात ओतल्यासारखं वाटलं. मेस्त्री म्हणाले, "हे साधं डिफरन्शियल, इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारं. लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला एकट्यानं पळू न देणारं असतं, तर हे चाक इतकं सहज फिरलंच नसतं."

साध्या डिफरन्शियलचा न्याय असा की दोन्ही चाकांना जोर सारखाच द्यायचा. ऐकायला किती छान! पण पंगतीत एकानं "पुरे" म्हणून ताटावर हात आडवा धरला की वाढप्यानं शेजारच्यालाही तेवढंच वाढून पुढं जावं, तसं हे आहे. चिखलातलं चाक जोर घेतच नाही, नुसतं फिरतं. मग कोरड्या जागेवरच्या धडधाकट चाकालाही तेवढाच. म्हणजे रश्शाचा एक थेंब.

मग हे यंत्र गाडीत मुळात घातलं कशाला? तर वळणासाठी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर एका पूर्ण फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास साडेनऊ मीटर जास्त पळतं. गंमत म्हणजे फेरी अंगणात मारा नाहीतर अख्ख्या रंकाळ्याला मारा, फरक तेवढाच. (मी हे कागदावर दोनदा करून बघितलं, मगच मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा केलं.) दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळताना एक फरफटत जाणार. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. घड्याळजीच तो. त्यानं आमची पाणंद कुठं बघितली होती?

आणि आमच्या आज्ज्याच्या बैलगाडीला यातलं काहीच लागलं नाही. तिची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरायची, कारण ओढायचं काम चाकांचं नव्हतंच, बैलांचं होतं. बैलांना चिखलात जोर कुठं लावायचा ते कळतं.

तेवढ्यात भाचा त्याची नवी कोरी पिकअप घेऊन मला ओढून काढायला आला. "मामा, माझ्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल आहे," हे त्यानं काच खाली करायच्या आधीच सांगितलं असावं, कारण तोंड हलताना दिसत होतं. त्याच्या गाडीत प्रत्येक चाकावर सेन्सर. एखादं चाक जास्त पळायला लागलं की संगणक तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतो. चाक अडलं की त्याला जोर घ्यावाच लागतो, आणि तेवढाच पलीकडच्याला मिळतो. शिवाय इंजिनलाही दम देतो. कल्पना झकास आहे, माझा तिला विरोध नाही.

भाचा आत आला. त्याची दोन्ही मागची चाकं एकदम घसरली. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकायला लागलं. संगणकानं एकाची मान धरली, मग दुसऱ्याची, मग इंजिनची. भाचा ॲक्सिलेटर दाबतोय आणि इंजिन सर्दी झाल्यासारखं घूं घूं करतंय. गाडी बसली. आता पाणंदीत दोन पिकअप, एक जुनी आणि एक शिकलेली.

"मामा, चिखलात ते बटण बंद करायचं असतं," भाचा म्हणाला.

हौद्यातला थोरला पैलवान म्हणाला, "मग लावलंय कशाला?"

शेवटी तात्या आले ट्रॅक्टर घेऊन. तात्या आधी वीस वर्षं ट्रकवर होते. ट्रॅक्टरवरून खाली न उतरता त्यांनी दोन्ही गाड्यांकडं बघितलं. त्या बघण्यात पूर्ण निकालपत्र होतं.

"काय गा, एकच चाक फिरालंय न्हवं?"

"तात्या, डिफरन्शियल साधं आहे, त्यामुळं..."

"ते असू दे. हिकडं बघ." त्यांनी पायाकडं बोट केलं. ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. "डावं पळाय लागलं की डावा ब्रेक दाबायचा, उजवं जोर घेतंय. त्येनंबी भागलं न्हाई तर हे टाचंखाली." टाचेखाली डिफरन्शियल लॉकचं पेडल. ते दाबलं की दोन्ही चाकं एकजीव. "फकस्त दाबून वळायचं न्हाई. वळतच न्हाई." मग भाच्याकडं वळून, "तुझा कंप्युटर माझ्या चपलंत हाय बघ."

भाच्याची गाडी त्यांनी दोर लावून काढली. मी माझा दोर घेऊन पुढं झालो, तर म्हणाले, "तुला दोर कशाला? हँडब्रेक वड. दोन-तीन दातं फकस्त. दुसरा गिअर टाक आन्‌ हळू सोड."

हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो. पळणारं चाक थोडं धरलं जातं, त्याला थोडा जोर घ्यावा लागतो, आणि न्यायानं तेवढाच पलीकडच्याला. म्हणजे भाच्याचं लाखमोलाचं तंत्र माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून होतं, डाव्या हाताला. मी तीन दाते ओढले. क्लच अलगद सोडला. उजव्या चाकानं आयुष्यात पहिल्यांदा मागं बांधलेले हात सोडले. गाडी थरथरली, हुंकारली आणि बाहेर! पैलवानांनी हौद्यात शड्डू ठोकला.

त्याच धुंदीत गुऱ्हाळावर गेलो, गूळ भरला, काकवीचा वास नाकात घेऊन कोल्हापूरची वाट धरली. गाडी जरा जड ओढत होती. माल आहे, ओढणारच. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला होता, पण भाच्याची गाडी बघितल्यापासून दिव्यांवरचा माझा विश्वास उडाला होता. शिवाजी पुलावर मेहुणे म्हणाले, "भावजी, काकवी करपल्यागत वास येतोय." मी म्हटलं, असा वास येतो म्हणून तर आपला गूळ नावाजलाय.

गंगावेशीत दूध प्यायला थांबलेल्या माणसांनी ग्लास खाली ठेवले आणि आमच्या मागच्या चाकांकडं बोटं केली. दोन्ही चाकांतून धूर निघत होता. अगदी सारखा, दोन्हीकडून.

मेस्त्रींनी ब्रेकचे ड्रम उघडले, आतलं बघितलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग कापडाला हात पुसत म्हणाले, "डिफरन्शियल एकदम बेस्ट आहे हां तुमचं."