'सही केली की सातबारा गेला' म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, भुदरगडाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरून फिरून येतोय. सार एवढंच: संवर्धन राखीव (वन्यजीवांसाठी सरकारनं जाहीर केलेलं क्षेत्र) झालं की मालकीची जमीन वनखात्याची, गुरं चारणं बंद, जैवविविधता समितीच्या कागदावर सही केली की सातबारावर बोजा, आणि खात्याशी हातमिळवणी केलेल्यांना गव्याची भरपाईही नाही. मला तो सख्ख्या चुलत्यांनी पाठवला. त्यांना फोनवर सांगितलं तेच इथं लिहितो.

भीती उगाच आलेली नाही, हे आधी कबूल. चांदोलीच्या जंगलातून उठवलेली माणसं पुनर्वसनासाठी कोल्हापुरात येऊन ठिय्या मारून बसलेली आपण बघितलीत. पण चांदोली आधी अभयारण्य होतं, नंतर राष्ट्रीय उद्यान झालं. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीवं आहेत. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 साली घातलेल्या 36-अ कलमाखाली येतात, आणि हे कलम लागतं फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला. लोकांचे हक्क ठरवून जमीन संपादन करायची 19 ते 26 ही कलमं त्याला जोडलेलीच नाहीत. शिवाय राखीवाच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. आपल्या गावाचा कोण आहे, हे काकांना माहीत नव्हतं. मलाही विचारावं लागलं.

चराईचं म्हणाल तर, राखीव जाहीर झालं म्हणून ती आपोआप बंद होत नाही. राखीव वनात चराईचे जे नियम आधीपासून होते, ते आहेतच. आगीचं मात्र खरं आहे. कोवळं गवत फुटावं म्हणून उन्हाळ्यात सडा (डोंगरमाथ्यावरचं गवताळ पठार) पेटवून द्यायची सवय आपल्याकडे आहे, आणि राखीवात त्याला साफ बंदी आहे. वणवा एकदा उतारावरून सुटला की काजूची बाग आणि गवताच्या गंज्या कुणाच्या, ते बघत नाही. त्यामुळे या बंदीवर मी तरी रडणार नाही.

खासगी जमिनीसाठी वेगळं कलम आहे, 36-क, सामुदायिक राखीव. निरोप लिहिणाऱ्यानं बहुतेक या दोन्हींची खिचडी केलीय. गावानं किंवा मालकानं आपणहून पुढं आल्याशिवाय ते होत नाही. मालकी मालकाकडेच राहते. गावाच्या सामाईक जमिनीवर असेल तर समितीत पंचायतीनं नेमलेले किमान 5 जण आणि वनखात्याचा एकच माणूस; खासगी जमिनीवर असेल तर मालक, पंचायतीचा प्रतिनिधी आणि वनखात्याचा माणूस. पण इथं एक अट आहे आणि ती सही करण्याआधी वाचायची: एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. उद्या पोराला तिथं रिसॉर्ट काढायचं असेल तर हा मार्ग धरू नये. रान आहे तसं राखायचं असेल, तर खाणवाल्याला अडवायला यासारखा कागद नाही.

भरपाईचं थोडक्यात. गव्यानं ऊस खाल्ला, हत्तीनं केळी मोडली, तर पंचनामा आणि भरपाई नुकसानीवर ठरते. कुठल्या समितीत तुम्ही आहात नाहीत, याचा संबंध नाही. रक्कम तुटपुंजी असते, उशिरा मिळते. ते भांडण खरं आहे आणि वेगळं आहे.

राहिली जैवविविधता समिती. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ती ग्रामपंचायतच नेमते. तिचं मुख्य काम लोकजैवविविधता नोंदवही: देवराईतली झाडं, रानभाज्या, औषधी वनस्पती, भाताचे जुने वाण. सातबारा महसुलाचा, नोंदवही पंचायतीची. एकीतलं दुसरीत उतरत नाही. उलट 41 व्या कलमानं समितीला हक्क दिलाय की, बाहेरचा कुणी धंद्यासाठी गावच्या हद्दीतून वनस्पती नेत असेल तर त्याच्याकडून शुल्क घ्यावं. नरक्या किंवा हिरडा अशी औषधी झाडांची माल पोत्यानं जातो तेव्हा किती गावांनी हा हक्क वापरला?

आणि नोंदवह्यांची अवस्था बघायची असेल तर बघा. राष्ट्रीय हरित लवादानं त्या पुऱ्या करायला 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली होती आणि नंतर राज्यांना महिन्याला 10 लाखांचा दंड होता. मग जी धावपळ झाली, तिच्यात कित्येक ठिकाणी बाहेरच्या माणसानं येऊन पानं भरली. आमच्या गावच्या वहीत नाचणीचा एकही जुना वाण नाही. काकांकडे दोन आहेत, पण त्यांना विचारायला कुणी आलंच नव्हतं.