ऱ्होड आयलंडने १६५२ मध्ये गुलामगिरी संपवली नव्हती

अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य असलेल्या ऱ्होड आयलंडने १६५२ मध्येच गुलामगिरी बंद केली, सर्व धर्मांना समान हक्क दिले आणि स्वातंत्र्ययुद्धात आपले गुलाम मुक्त करून सैन्यात घेतले, असा मजकूर वारंवार फिरत असतो. यातील प्रत्येक विधानाला थोडाफार आधार आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेणे अगत्याचे आहे.

१६५२ चा कायदा झाला होता हे खरे. कृष्णवर्णीय असो वा गोरा, कोणालाही दहा वर्षांहून अधिक काळ दास्यात ठेवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु तो केला प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या दोनच गावांनी. न्यूपोर्ट आणि पोर्ट्समथ तेव्हा वेगळ्या अमलाखाली होती, आणि पुढे चारही गावे एकत्र आल्यावर त्या कायद्याची अंमलबजावणी झालीच नाही. उलट अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधून काकवी आणायची, तिची रम गाळायची, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसे घ्यायची आणि ती माणसे वेस्ट इंडीजमध्ये विकायची, या चक्रावर न्यूपोर्टची व्यापारी घराणी गबर झाली. १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी नऊशेहून अधिक फेऱ्यांत एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे वाहून नेली. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंच्या ‘सॅली’ या जहाजाच्या १७६४-६५ मधील एकाच सफरीत १९६ पैकी किमान १०९ जणांचा जीव गेला. १७८७ मध्ये राज्याने आपल्या रहिवाशांना या व्यापाराची मनाई केली. तरीही ब्रिस्टलचे जेम्स डीवुल्फ तो करीत राहिले आणि पुढे, याच राज्यातून, अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले.

धर्माविषयीचा दावा बराचसा खरा आहे. धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांनी १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट या तेथील मूळनिवासी जमातीच्या सरदारांकडून मिळालेल्या जमिनीवर प्रॉव्हिडन्स वसवले आणि श्रद्धेत राजसत्तेने हात घालू नये हे तत्त्व तेथे रुजवले. त्याचे मोल मोठे आहे. मात्र उपासनेची मोकळीक म्हणजे समान हक्क नव्हे. न्यूपोर्टचे ज्यू व्यापारी ॲरन लोपेझ यांना १७६२ मध्ये येथे नागरिकत्व नाकारले गेले, आणि कॅथलिकांना मताधिकारातून वगळणारे कलम १७८३ पर्यंत कायद्यात होते.

राहिला प्रश्न स्वातंत्र्ययुद्धातील गुलामांच्या पलटणीचा. न्यूपोर्ट ब्रिटिशांच्या ताब्यात, भरतीला माणसे मिळेनात, अशा स्थितीत फेब्रुवारी १७७८ मध्ये विधिमंडळाने भरती होणाऱ्या गुलामाला स्वातंत्र्य आणि त्याच्या मालकाला भरपाई देण्याचे ठरवले. मालकांचा विरोध इतका होता की जूनमध्ये ही वाट बंद झाली. तोवर दोनशेहून कमी गुलाम भरती झाले होते. त्याच सैनिकांनी २९ ऑगस्ट १७७८ रोजी ऱ्होड आयलंडच्या लढाईत हेसियन फौजेचे, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन सैनिकांचे, हल्ले परतवून लावले. त्यांच्या शौर्याचे श्रेय त्यांचेच आहे, ते मालकांच्या औदार्याच्या खाती जमा करणे अन्यायाचे आहे. युद्धानंतरच्या कायद्यानेही १ मार्च १७८४ पासून जन्मणाऱ्या मुलांनाच मुक्ती दिली. त्यांच्या आया गुलामच राहिल्या, आणि गुलामगिरी पूर्णपणे बंद झाली ती १८४३ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने.