गोल्डफिशला उगाच बदनाम करू नका

परवा परत तोच फॉरवर्ड आला, या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि यावेळी थेट मामांकडून. म्हणणं असं की मोबाईलमुळे माणसाचं लक्ष टिकायचा वेळ 12 सेकंदांवरून 8 वर आलाय आणि गोल्डफिशचा सुद्धा 9 आहे, नोटिफिकेशन वाजलं की मेंदूत कोकेनसारखं डोपामाइन नावाचं रसायन सुटतं, गूगलमुळे स्मरणशक्ती संपली, आणि उपाय काय तर 21 दिवस फोन लांब ठेवा, सवय कायमची सुटेल. मामांना ग्रुपवर उलट उत्तर देणं बरं दिसत नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

गोल्डफिशचं आधी. हा आकडा पसरला 2015 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका मार्केटिंग रिपोर्टमुळे. त्यांनी तो स्वतः मोजलाच नव्हता, स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या वेबसाइटवरून उचललेला, आणि पुढे 2017 मध्ये बीबीसीने माग काढायला घेतला तर मूळ अभ्यासच सापडेना. म्हणजे ते 12 सेकंद कुणाचे, काय करताना मोजले, कशाचा पत्ता नाही. आणि लक्ष म्हणजे काय ठराविक मापाची टाकी आहे का, जो माणूस मीटिंगमध्ये दोन मिनिटांत जांभया द्यायला लागतो तोच रात्री सिरीजचे चार भाग एका बैठकीत संपवतो. बिचाऱ्या माशाचं म्हणाल तर त्याला खाण्याच्या वेळेची सवय लावता येते आणि शिकलेलं तो महिनोन् महिने विसरत नाही, माझ्यापेक्षा बराच.

डोपामाइनवर फार वेळ घालवत नाही. ते आवडतं गाणं लागलं तरी वाढतं. कोकेन वेगळंच काम करतं, सुटलेलं डोपामाइन पेशींनी परत आत ओढून घ्यायची वाटच अडवतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मोबाईलचं व्यसन नावाचा आजार नाही. हां, पण म्हणून सगळं आपल्याच मनाचं असंही नाही, खाली सरकवत राहिलं की पान संपतच नाही ही युक्ती 2006 मध्ये आझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने काढली आणि नंतर त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला.

स्मरणशक्तीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. 2011 मध्ये सायन्स या संशोधनाच्या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, की माहिती कॉम्प्युटरवर सेव्ह राहणार म्हटल्यावर लोकांना ती माहिती कमी आठवते, ती कुठे ठेवलीय हे जास्त आठवतं. पण त्याच अभ्यासातला दुसरा एक प्रयोग 2018 मध्ये परत करून बघितला तर त्याचा निकाल काही तसा आला नाही. रस्त्यांचं मात्र मी मान्य करतो, मॅप लावून गेलेला रस्ता मला दहादा जाऊनही पाठ होत नाही.

21 दिवस? ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचं 1960 चं निरीक्षण, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात म्हणून. त्यात फोन नाही, मेंदू नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नंतर नव्या सवयी कशा लागतात ते खरंच मोजलं, तर निम्म्या लोकांना 66 पेक्षा जास्त दिवस लागले, आणि फरक 18 पासून 254 पर्यंत.

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. असे फॉरवर्ड मेंदूची भीती घालतात आणि जिथे आपण खरंच अडकलोय तिकडे बघतच नाहीत. मागच्या वर्षी माझा फोन अचानक काळा पडला तो पडलाच. लॅपटॉपवर मेल उघडायला गेलो तर ओटीपी फोनवर, पासवर्ड बदलू म्हटलं तर कोड दुसऱ्या मेलवर, आणि तो दुसरा मेल उघडायचा तर परत ओटीपी त्याच मेलेल्या फोनवर. अर्धा तास हेच गोल गोल. शेजारच्यांचा फोन मागून घेतला, घरी कळवू म्हटलं, तर बायकोचा नंबर आठवेना. पाठ निघाला तो एकच, मामांच्या घरचा लँडलाइन, लहानपणी पाठ केलेला, आणि तो बंद होऊन किती वर्षं झाली.

यात माझं लक्ष किती सेकंद टिकतं याचा काय संबंध? पैसे, ओळख, किल्ल्या, माणसं, सगळं मीच एका डब्यात कोंबलं होतं आणि डब्याची दुसरी चावी ठेवली नव्हती. आता पाकिटात एक कागद आहे, त्यावर तीन नंबर. ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड प्रिंट करून घरी कपाटात. फोन अजूनही तेवढाच वापरतो.