बिल वाचाल, तर वीज वाचेल!

नगरसेवक म्हणून निवडून आलात, अभिनंदन. कानामागचा गुलाल अजून निघाला नसेल, तोवरच हे वाचून घ्या. इतकी वर्षं प्रशासक होते, आता तुम्ही आहात. म्हणजे महापालिकेच्या वीजबिलांचा गठ्ठा कधी ना कधी तुमच्यापुढे येणार. आला की वरची रक्कम पाहा, ‘बाप रे’ म्हणा आणि शेजारच्याकडे सरकवा. पान उलटायचं नाही. शाळेच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलेलं असायचं, ते विसरा. इथे बिल वाचलं की वीज वाचते, आणि वाचलेल्या विजेचं करायचं काय, हे महापालिकेत कुणालाच ठाऊक नसतं.

कसं ते सांगतो. विजेचं बिल एका लेखाशीर्षातून जातं, पंपाची दुरुस्ती दुसऱ्यातून, नवा पंप तिसऱ्यातून. बिलाला पैसे असतातच, कारण थकलं तर पाणी बंद आणि पाणी बंद झालं की तुमच्याच दारात हंडा मोर्चा. नव्या पंपाला मात्र ‘निधी उपलब्ध झाल्यावर’. समजा एखाद्या खुळ्या अभियंत्याने भांडून पंप बदललाच आणि बिल उतरलं, तर वाचलेले पैसे त्याच्या विभागाला मिळतात का? छे. लेखा विभाग म्हणतो, ‘गेल्या वर्षी खर्च कमी झालाय, तरतूद कमी करा.’ असा अभियंता पुन्हा त्या वाटेला जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

महापालिकेची वीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचे दिवे येतील. येऊ द्या, तेच बरं. बहुतेक शहरांत बिलाचा मोठा घास पाण्याचे पंप घेतात, पण पंपहाऊस गावाबाहेर धरणाकाठी असतं आणि तिथे मतदार राहत नाहीत. तरी तुम्हाला एकदा पाहणीला नेतीलच. आवाज खूप असतो, म्हणून मान हलवत उभं राहा. जॅकवेलवर, म्हणजे धरणाचं पाणी उचलायच्या विहिरीवर, एक जुना शंभर हॉर्सपॉवरचा पंप दिसेल. त्याच्या पुढच्या पाइपावर मोठं चाक असलेला व्हॉल्व्ह असेल, आणि तो अर्धा बंद असेल. का, असं विचारू नका. मी विचारलं होतं. ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, पूर्ण उघडला तर मोटार लोड घेते आणि ट्रिप होते. म्हणून अकरा आटे बंद ठेवायचे. मी आलो तेव्हापासून अकराच आहेत.’ पंप घेताना कुणीतरी ‘असू द्या जरा मोठाच’ म्हणालं होतं. म्हणजे मोटेला बैल जुंपायचे आणि मागून चौघांनी नाडा ओढून धरायचा. बैलांना वैरण लागतेच, आणि वैरणीचं बिल दर महिन्याला येतं.

आता हिशेब करण्याचा मोह होईल, म्हणून मीच करून टाकतो आणि तुम्ही लगेच विसरा. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७५ किलोवॅट. रोज सोळा तास चालला की १,२०० युनिट. झिजलेला, गरजेपेक्षा मोठा पंप ५० टक्के कार्यक्षमतेवर चालतोय आणि मापात बसणारा नवा ७५ टक्के देतो असं धरलं, तर तेवढंच पाणी चढवायला ८०० युनिट पुरतात. दिवसाला ४००, वर्षाला १ लाख ४६ हजार. युनिटला सात रुपये धरा, दहा लाखांच्या वर गेले. एका पंपाचे. नवीन पंपाची किंमत मी मुद्दामच सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

पॉवर फॅक्टर सावरणाऱ्या कॅपॅसिटर बँकेचंही तसंच. पूर्वी पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा, घसरला की बिलात दंडाची वेगळी ओळ यायची. ऑडिटवाल्यांच्या नजरेला ती बरोबर पडायची, आक्षेप निघायचे, उत्तरं लिहावी लागायची. महावितरणने एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारा वाटाही धरून, बिल द्यायला सुरुवात केली आणि ही कटकट मिटली. आता पॉवर फॅक्टर ०.८ असला तर खरे १०० युनिट वापरून १२५ मोजले जातात. दंडाची ओळ गेली, दंड युनिटांत विरघळला. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं समजायला काय हरकत आहे? जळालेले कॅपॅसिटर तसेच राहू द्या.

रस्त्यावरच्या दिव्यांत मात्र जातीने लक्ष घाला. केंद्राचा पथदिव्यांचा कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून एलईडीला नाही म्हणता येत नाही. कल्पना साधी होती: कंपनीने दिवे बसवायचे आणि वाचलेल्या बिलातून पैसे फेडून घ्यायचे. यात गोम अशी की वाचलं किती हे सांगायला आधी किती जळत होतं ते माहीत हवं. ज्या वॉर्डात निम्मे दिवे बंदच होते, तिथे नवे दिवे सगळेच्या सगळे लागले आणि बचत हवी तेवढी दिसेना! यावरून धडा घ्या, मोजणी करू नका. तुम्ही आपला एक हायमास्ट मागा. चौकात हायमास्ट उभा राहिला की खाली ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ असा फलक लागतो, आणि त्या उजेडात तो रात्रभर वाचता येतो. खांबांना तिरंगी एलईडीचे वेटोळे घालून घ्या. टायमरच्या भानगडीत पडू नका. आषाढात आणि पौषात दिवे एकाच वेळी लागले पाहिजेत, समानता म्हणतात ती हीच.

शाळांसाठी पंख्यांची निविदा येईल. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटारीचा तिसाच्या आसपास. पण तो महाग, आणि दर उघडताना पंखा किती खातो हे कुणी बघत नाही. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाला, तो एल-वन. पंखा विकत घेणारा एकदाच पैसे देतो, पुढची दहा वर्षं बिल भरणारा वेगळा असतो.

राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात पंचतत्त्वांपैकी अग्नी, म्हणजे ऊर्जा, आपल्या वाट्याला येतो. गुण हवेत, तेव्हा ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्याच. अहवाल छान येतो, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. पहिल्या भागात बिनखर्चाच्या सूचना असतात, त्या सर्वांत धोकादायक, कारण निधी नाही असं म्हणता येत नाही. ‘नोंद घेण्यात आली’ असा शेरा मारून कपाटात ठेवा. सादरीकरण १४ डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनीच ठेवा. एसीचं मूळ तापमान २४ अंश ठेवायचा नियम जानेवारी २०२० पासून आहे, पण रिमोट तुमच्या हातात आहे.

आणि एवढं सगळं करूनही गठ्ठा चाळावासा वाटलाच, तर आमच्या शहरातली गोष्ट लक्षात ठेवा. एका नव्या लिपिकाने सगळे ग्राहक क्रमांक लिहून काढायला घेतले. एक मीटर सापडेना. पत्ता होता जकात नाका. जकात गेली, एलबीटी आला, एलबीटी गेला, जीएसटी आला. नाका पाडून तिथे रस्ता रुंद झाला, मीटर बहुधा डांबराखाली असावा. रीडिंग मिळत नाही म्हणून बिल सरासरीने येतं, दर महिन्याला ८४ युनिट. लिपिकाने टिपण लिहिलं, ते या टेबलावरून त्या टेबलावर गेलं आणि शेवटी लेखा विभागाने त्याच्या खाली एक ओळ लिहून परत पाठवलं: ‘सदर देयक यापुढे मुदतीपूर्वी भरण्यात यावे, जेणेकरून तत्पर भरणा सवलतीचा लाभ घेता येईल.’ मागच्या महिन्यात सात रुपये सुटले.