'तारेला हात लावू नका एवढं पुरे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक अभियंता' यांस,

माझ्या 'ब्लँकेटमधली ठिणगी आणि मोटारीचा करंट' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथं जशीच्या तशी देते.

"ताई, स्थिर वीज आणि विद्युतधारा या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठवीच्या पुस्तकात आहे. आकृतीतला बाण उलटा आहे. ठिणगीत हजारो व्होल्ट असून काही होत नाही असं लिहून तुम्ही लोकांची व्होल्टची भीती घालवताय. खेड्यातल्या लोकांना एवढं खोलात सांगायची गरज नसते, 'तारेला हात लावू नका' एवढं पुरे. लेख निम्मा करा."

मतभेदाचं मला काही वाटत नाही. 'ताई' म्हणायचं आणि त्याच वाक्यात आठवीचं पुस्तक नाकासमोर धरायचं, याचं वाटतं. ते पुस्तक मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात निवृत्त होईपर्यंत शिकवलं आहे. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याची इयत्ता काढणं ही काही विज्ञानाची पद्धत नव्हे.

बाणाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. मी इलेक्ट्रॉनची दिशा दाखवली आणि तसं खाली लिहिलं नाही. धारेची दिशा धनाकडून ऋणाकडे मानायची रीत आहे. फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात धन-ऋण ठरवलं तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता. थॉमसन यांनी तो १८९७ साली शोधला आणि तो निघाला ऋण, म्हणून हा उलटा मामला. आकृतीखाली आता तशी ओळ घातली आहे. आभार.

'पूर्णपणे वेगळ्या' याला मात्र माझी हरकत आहे. पुस्तकात दोन वेगळे धडे असतात ते शिकवण्याच्या सोयीसाठी. प्रभार, म्हणजे विजेचा चार्ज, एकच. घासून साचला आणि वाट मिळाली नाही तोवर स्थिर, वाट मिळून वाहू लागला की धारा. घर्षणाची वीज, व्होल्टाच्या घटाची वीज, चुंबकानं निर्माण केलेली वीज आणि विद्युत माशाची वीज यांचे परिणाम ताडून पाहून फॅरडे यांनी १८३३ सालीच सांगितलं की ही सगळी एकच वीज आहे. ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून प्रभार साचत राहतो आणि तोच कोसळतो तेव्हा हजारो अँपिअरची धारा होते. ती वरून निघते तेव्हा एक आणि खाली पोचते तेव्हा दुसरी, असं कसं म्हणणार? यावर यापुढे मी वाद घालणार नाही.

आता ते वाक्य. 'खेड्यातल्या लोकांना एवढं खोलात सांगायची गरज नसते.' ते मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शहरात वीज भिंतीच्या आत असते. आमच्या इकडे ती उघड्या तारांवर वावरावरून जाते, विहिरीच्या काठावर पत्र्याच्या पेटीत बसलेली असते, डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजपेटीचं, दार उघडं असतं, आणि रात्रपाळीची लाईन आली की शेतकरी अंधारात, ओल्या पायांनी स्टार्टरचं बटण दाबायला जातो. विजेशी जितका जवळचा संबंध त्याचा येतो तितका तुमचा येत नाही. मग खोलात कुणाला सांगायचं?

आणि 'तारेला हात लावू नका' एवढं पुरतं का, तेही पाहा. पावसाळी वादळात आमच्या शेजारच्या वावरात ११ हजारांच्या लाईनची तार तुटून ओल्या मातीवर पडली. जोडीतला एक बैल तारेपासून काही पावलं दूर होता. त्याचं खूर नाही, शिंग नाही, काहीच तारेला लागलं नव्हतं. तो जागीच गेला. मागून येणारा सालदार धुऱ्यावर होता, तो वाचला. कुणीही हात लावला नव्हता, साहेब. तार जमिनीला टेकली की तिथून करंट मातीत चौफेर पसरतो आणि जसजसं दूर जावं तसतसं व्होल्टेज उतरत जातं. म्हणजे एका पावलाखाली एक व्होल्टेज, दुसऱ्या पावलाखाली दुसरं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब असतात, त्यामुळे त्याच्या पायांमधला फरक मोठा, आणि त्या वाटेत त्याचं काळीज येतं. म्हणून तिथून निघताना लांब ढांगा टाकायच्या नसतात, दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत दूर व्हायचं असतं. झाडावर वीज पडते तेव्हा बुंध्यापासून दूर बसलेली जनावरं मरतात तीही याच कारणानं. हे समजायला प्रभार, व्होल्ट आणि धारा हे तिन्ही वेगवेगळे कळावे लागतात. 'हात लावू नका' या तीन शब्दांत ते मावत नाही.

व्होल्टची भीती मी घालवते म्हणता. नुसत्या व्होल्टची भीती घालवायलाच हवी, कारण तीच आमच्याकडे माणसं मारते. रानडुकरांच्या त्रासानं लोक पिकाभोवती तार ओढतात. काही जण झटका मशीन बसवतात. त्याच्या तारेवर कित्येक हजार व्होल्ट असतात, पण ते सेकंदाला फार तर एकदा, सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यापुरते येतात. डुक्कर कळवळून पळतं, मरत नाही. काही जण मात्र सरळ लाईनवरून तार जोडतात. माझा चुलतभाऊ अशाच एका तारेनं गेला, शेजारच्या वावरात, पहाटे. ज्यानं ती सोडली होती तो नंतर सगळ्यांसमोर म्हणाला, "झटका मशीनले तं हजारो व्होल्ट असतात, त्यानं कोणी मेलं नाही, हे तं दोनशे तीसच होते." त्याच्या मनात व्होल्ट म्हणजेच धोका, हा हिशोब बसला होता. कुणीतरी त्याला खोलात सांगायला हवं होतं.

आकडे मी लेखात दिले होते, तुम्ही त्यांना शिवलासुद्धा नाहीत, म्हणून परत देते. डिसेंबरच्या कोरड्या रात्री ब्लँकेट ओढताना अंगावर दहा हजार व्होल्टपर्यंत चढू शकतात. पण माणसाच्या अंगाची प्रभार साठवायची क्षमता फार थोडी, साधारण १०० पिकोफॅरड. त्यामुळे साठतो तो जेमतेम एक मायक्रोकूलोम, म्हणजे कूलोमचा दहालाखावा भाग. चट् आवाज होतो आणि संपतो, मागून काही येत नाही. आता ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर धारा जाते. एका सेकंदात ०.२३ कूलोम, त्या ठिणगीच्या दोन लाख पटींहून जास्त, आणि डीपी मागे उभी असते तोवर येतच राहतो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सुटत नाही. घरात बसवायचा गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला पडतो, कारण त्याच्या वर काळजाचा ठोका बिघडायची भीती असते. गच्चीवरून डोक्यावर पडलेला थेंब आणि फुटलेला कालवा यात जो फरक, तोच हा. थेंब जास्त उंचीवरून आला म्हणून कुणी वाहून जात नाही.

सोयाबीनच्या हंगामातली गोष्टही याच कारणानं लेखात होती. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या थ्रेशरला हात लावला की झटका बसू लागला. वावरात लाईनच नव्हती. "बाई, मशीनले करंट येऊन राह्यला, पण वायर तं कुठंच नाही," म्हणत माझेच जुने विद्यार्थी घरी आले. टेस्टर लावला तर क्षणभर चमकायचा आणि विझायचा. लाईनचा करंट असता तर टेस्टर पेटलेला राहिला असता. कोरड्या हवेत फिरणारा पट्टा प्रभार गोळा करतो, यंत्र रबरी चाकांवर उभं, प्रभाराला जमिनीत जायला वाट नाही. लोखंडी सांगाड्याला एक साखळी बांधून जमिनीवर सोडायला सांगितली, झटके थांबले. व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ साली पट्ट्यानं प्रभार वर वाहून नेणारं यंत्र केलं, तत्त्व हेच. मजुरांनी भीतीनं काम सोडलं होतं, दुपारनंतर ते परत कामाला लागले. यातलं नेमकं कोणतं वाक्य 'खेड्यातल्या लोकांना' जड गेलं असतं, भाऊ? त्यांनी तर साखळी माझ्याआधी शोधून आणली.

लेख निम्मा करणार नाही. उलट त्यात एक परिच्छेद वाढवते आहे, कंडेन्सरचा, म्हणजे मोटारीला जोडलेल्या, प्रभार साठवणाऱ्या डब्याचा. मेन स्विच पाडला, तारेत करंट नाही, टेस्टरही पेटत नाही, तरी सिंगल फेज मोटारीच्या कंडेन्सरमध्ये प्रभार साचलेला असू शकतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बोटं लागली की तो हातातून वाहतो. तुमच्या पुस्तकातल्या दोन्ही 'वेगळ्या गोष्टी' त्या एका डब्यात भेटतात. पेटी उघडल्यावर आधी आत तार असलेल्या साध्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना काही वेळ लावून तो रिकामा करायचा. बल्ब पेटलेला दिसला नाही तरी वायरी लगेच काढायच्या नाहीत, आणि त्या धरताना उघड्या तांब्याला बोट लावायचं नाही.