स्क्रीनसेव्हरसाठी सुडोचा पासवर्ड मागणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यापासून नाशिकमधल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. लिनक्सवर जनरेटिव्ह आर्टचा, म्हणजे यंत्राने नियमांवरून काढलेल्या चित्रांचा, स्क्रीनसेव्हर हवा असेल तर सोबतची ओळ टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) चिकटवून सुडोचा, म्हणजे संगणकावर मुख्य अधिकार देणाऱ्या आज्ञेचा, पासवर्ड द्यावाच लागतो, ही चित्रे एआय काढत असल्याने इंटरनेट चालू ठेवावे लागते, आणि त्याने स्क्रीन टिकते व वीजही वाचते, असे त्यात ठासून लिहिले आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने रात्री साडेअकराला फोन केला, "मामा, कीबोर्ड बिघडला, पासवर्डची अक्षरेच उमटत नाहीत." टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना सहसा काहीच दिसत नाही, हे तिला ठाऊक नव्हते म्हणून ती एंटर दाबायची थांबली, आणि तेवढ्यावरच निभावले.

कारण ती ओळ अनोळखी पत्त्यावरची फाईल कर्ल या आज्ञेने उतरवून, ती कोणी वाचण्याआधीच, थेट सुडो बॅशच्या हवाली करत होती, म्हणजे मुख्य अधिकारांनिशी चालवत होती. त्या फाईलमध्ये काय आहे हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीही उघडून पाहिलेले दिसत नाही. सुडोचा पासवर्ड दिला की त्या फाईलला संगणकावरचे काहीही वाचण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची मुभा मिळते. जो संदेश मुलांना असे करायला सांगतो, तो मला निरुपद्रवी म्हणवत नाही.

सुडो लागतो, यात अर्धे सत्य आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या अधिकृत भांडारातून एक्सस्क्रीनसेव्हर हा स्क्रीनसेव्हरांचा संच बसवताना तो एकदा लागतो. पुढच्या मांडणीला मात्र त्याची गरज नाही, कारण सगळ्या आवडीनिवडी आपल्याच होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या 'एक्सस्क्रीनसेव्हर' नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये राहतात. ती फाईल बदलली की चालू असलेला एक्सस्क्रीनसेव्हर ती आपणहून पुन्हा वाचतो, हे त्याच्या मॅन पेजवर, म्हणजे माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते मॅन पेज टर्मिनलमध्येच उघडते.

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर बसून मी त्यातला 'सबस्ट्रेट' चालवला. एका रेषेच्या कडेवरून काटकोनात दुसरी रेष फुटते, वाटेत आणखी एखादी आडवी आली की थांबते, आणि पाहता पाहता भद्रकालीतल्या बोळांचा नकाशा वरून दिसावा तसे चित्र तयार होते. सुरुवातीच्या रेषा किती असाव्यात आणि किती टक्के रेषा वर्तुळाकार वळाव्यात, हे कमांडपुढे दोन आकडे लिहून ठरवता येते. रेषा वाढताना दोन टप्प्यांमधला विलंब मायक्रोसेकंदांत द्यावा लागतो, हे कळल्यावर तिने स्वतःच आकडा वाढवून रेषा संथ केल्या. त्या वेळी वायफाय बंद होते.

त्यामुळे एआयचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. नियम ठरवून यंत्राकडून चित्र काढून घेण्याची ही कला जुनी आहे. गेऑर्ग नेस यांनी संगणकावर काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन 1965 मध्ये श्टुटगार्टला भरले होते, आणि खुद्द एक्सस्क्रीनसेव्हर जेमी झाविन्स्की यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केला.

स्क्रीन टिकण्याची गोष्ट जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांबाबत खरी होती, आणि ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनवर आजही स्थिर चित्राचा ठसा उमटू शकतो, एवढे मान्य करावे लागेल. विजेचा दावा मात्र उलटा आहे. हलते चित्र काढताना प्रोसेसर राबतो आणि स्क्रीनचा प्रकाशही चालू राहतो. वीज वाचवायची असेल तर एक्सस्क्रीनसेव्हरच्या त्याच फाईलमध्ये डीपीएमएस ही स्क्रीन आपोआप बंद करणारी सोय चालू करून ठरावीक मिनिटांनी स्क्रीन बंद होऊ द्यावी. भाचीने ती वेळ दहा मिनिटांवर ठेवली आहे, आणि संदेशातली ती ओळ टर्मिनलच्या इतिहासातूनही पुसून टाकली आहे.